साळिंदराची शाल

एका जंगलात एक बँड होता. तो फुटला, आणि दोष साळिंदराचा होता.

मुलांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपेपर्यंत तुम्ही गवेआण्णांना शिव्या देत बसाल. शिव्यांनी गव्याला काही होत नाही. त्याची कातडी त्यासाठीच असते.

तर साळिंदर.

साळिंदरांच्या घरात एक वळण होतं. काटे खाली ठेवायचे. उभे करायचे ते शत्रू आला तरच, आणि वाजवायचे तर मुळीच नाहीत. "चांगल्या घरातल्यांची पाठ कुणाला ऐकू येत नाही," असं साळिंदराचे बाबा म्हणत. बाबा आयुष्यभर कंद उकरत आले होते. मान खाली, काटे खाली. त्यांना कधी कुणी नाव ठेवलं नाही. नाव ठेवावं असं त्यांनी काही केलंच नव्हतं.

पोराचे काटे मात्र खाली राहत नसत. साळिंदराचे शेपटीकडचे काटे पोकळ असतात. अंगात राग आला, हसू आलं, काहीही आलं, की ते खळखळ वाजतात. बिळात वाजले की बाबा कंद चावायचे थांबत. शाळेत वाजले की बगळेसर एक डोळा उघडत.

बगळेसर ध्यान शिकवत. एका पायावर, डोळे मिटून. मधेच एखादा मासा गट्ट करत.

"सर, तो मासा?" साळिंदरानं एकदा विचारलं.

"कुठला मासा?" सरांनी गिळून झाल्यावर विचारलं.

साळिंदराचे काटे वाजले. वर्ग हसला. सरांनी त्याला बाहेर उभं केलं. बाहेर मस्त ऊन होतं, वारा होता, आणि ध्यान नव्हतं. तो जो तिथून निघाला तो परत गेलाच नाही.

घरी बाबा खूप बोलले. मारलं मात्र नाही. कसं मारणार? साळिंदराच्या पाठीला हात कोण लावणार? मारायलाही नाही आणि शाबासकी द्यायलाही नाही. त्याच्या आईनंसुद्धा त्याच्या पाठीवरून कधी हात फिरवला नव्हता. मुलांनो, एवढं लक्षात ठेवा. पुढे हेच नडलं.

जंगलाच्या कडेला दगडाची एक जुनी खाण होती. साळिंदर तिथे जाऊन बसायला लागला. तिथे आधीच एक टिटवी होती. ती एकटी ओरडत होती.

टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं, असं जंगलातले मोठे मानत. खरं म्हणजे काहीतरी वाईट होत असलं की टिटवी ओरडे. पण मोठ्यांना आधीचं नंतर आणि नंतरचं आधी करून घ्यायची सवय असते. त्यामुळे तिला सगळीकडून हाकललं होतं. आता ती खाणीत ओरडे आणि आपलाच प्रतिध्वनी ऐके. तेवढाच एक जण तिला उलट उत्तर देत नव्हता, नुसता दुजोरा देत होता.

साळिंदराच्या अंगावर शहारा आला. काटे वाजले.

"काय वाजलं ते?" टिटवीनं विचारलं.

"माझी पाठ. सॉरी."

"सॉरी काय त्यात? परत वाजव."

त्याला जन्मात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं परत वाजवले. टिटवीनं त्यावर ओरडून बघितलं. खाणीनं दोन्ही आवाज उचलले आणि दुप्पट करून परत दिले.

मग तरस आला. तरस हसतो ते हसू येतं म्हणून नाही, त्याचा घसाच तसा. एका मोठ्या रानडुकराच्या मयताला गेला आणि तिथे हसला, तेव्हापासून त्याला कुणी बोलावत नसे. तो पोकळ खोडात तोंड घालून खर्जात घुमे. शेवटी आला रातकिडा. नखाएवढा प्राणी. पण त्यानं पंखावर पंख घासला की समोरच्याच्या दाढा दुखत.

"बँडचं नाव काय ठेवायचं?" तरसानं विचारलं.

"लोक मला म्हणतात तेच ठेवू," टिटवी म्हणाली.

असा 'अपशकुन' हा बँड झाला.

बँडची एक रीत होती. चौघं गोल उभे राहत, एकमेकांकडे तोंड करून. ऐकणाऱ्यांना कुणाची ना कुणाची पाठच दिसे. गाणं साळिंदराच्या काट्यांवर सुरू होई. काटे खळखळले की टिटवी उचले, मग तरस, मग रातकिडा. काटे वाजल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं, म्हणून रोज तसंच.

"तुमच्यात मोठा कोण?" लोक विचारत.

"वजनानं तरस," रातकिडा सांगे.

लोक हसत, पण अस्वस्थ होत. या जंगलात चार मुंग्या साखर उचलायला जमल्या तरी आधी अध्यक्ष निवडत. मग कार्याध्यक्ष, सचिव, मार्गदर्शक. साखर उचलायला मग कुणी शिल्लक राहत नसे, पण कार्यकारिणी झकास होई. अध्यक्ष नसलेलं काही चालू शकतं, आणि वर चांगलं चालू शकतं, हे मोठ्यांना पटेना.

त्यात ते गाणं आलं.

जंगलात एक तळं होतं. रोज सकाळी गवेआण्णांचा कळप आधी पाण्यात उतरे. मनसोक्त लोळे. मग बाकीच्यांनी चिखल प्यायचा. याला जंगलात परंपरा म्हणत. टिटवीनं त्यावर गाणं केलं.

पाणी गढूळ कुणी केलं?
आधी आला त्यानं केलं.
आधी कोण आला?
विचारू नको, तो मोठा झाला.

एवढंच गाणं. बाकी काट्यांची खळखळ आणि तरसाचं ते बिनकामाचं हसू. पण ससे ते म्हणायला लागले. वानरांची तरणी पोरं झाडाझाडांतून म्हणायला लागली. हरणांची पाडसं तळ्यावर गेली की एकमेकांना कोपरखळी मारून विचारत, "काय रे, गढूळ कुणी केलं?" आणि शेजारी गवा उभा असे.

वनसंस्कृती रक्षण मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष गवेआण्णा. मार्गदर्शक कोकीळबुवा.

"यात सूर नाही," बुवा म्हणाले. "ताल नाही. आणि मुख्य म्हणजे संस्कार नाहीत. आईबाप लक्ष देत नाहीत, त्याचा हा परिणाम."

बुवांची स्वतःची पोरं कावळ्यांकडे वाढत होती. पण बैठकीत एकही कावळा नव्हता.

मंडळानं बँडवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी खाणीत उभं राहायला जागा नव्हती. ज्यांना गाणं ठाऊक नव्हतं तेही बंदी कशावर आहे ते बघायला आले. आणखी एक बंदी घातली तर गव्यांची वासरंसुद्धा यायला लागली.

बुवा चिडले. गवेआण्णा मात्र रवंथ करत बसले. मुलांनो, गव्याला मंद समजू नका. तो सावकाश चावतो, पण सगळं पचवतो.

"बुवा, आपलं चुकतंय," आण्णा म्हणाले.

"काय चुकतंय?"

"दगड मारला तर चौघांना लागतो. हार एकाच्याच गळ्यात बसतो."

आणि आण्णा स्वतः खाणीत आले. हसत आले. बरोबर बुवा.

"वा," आण्णा म्हणाले. "मी काय ऐकतोय. आमच्या वेळी असं कुणी नव्हतं. आम्ही तुमचा सत्कार करायचं ठरवलंय."

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. बँडला शिव्या पाठ होत्या. कौतुकाला काय उत्तर देतात ते कुणाला येत नव्हतं.

"तुमच्यात प्रमुख कोण?" आण्णांनी विचारलं.

"कुणी नाही," टिटवी म्हणाली.

"असं कसं? मग शाल कुणाला घालायची?"

"चौघांना घाला. चार आणा."

"शाल एकच असते, बाळ. तशी प्रथा आहे."

"मग मोठी आणा. चौघं एकदम पांघरतो. तसाही थंडीचा महिना आहे."

कोकीळबुवांना ठसका लागला. "शाल हे काय पांघरूण आहे?"

आण्णा रागावले नाहीत. त्यांनी साळिंदराकडे बघितलं. "गाणं कुणापासून सुरू होतं?"

सगळ्या जंगलाला ठाऊक होतं.

"म्हणजे संस्थापक तू," आण्णा म्हणाले. "तुझ्या या एवढ्या पाठीवर आजवर कुणी काही घातलं नसेल, नाही?"

साळिंदराचे काटे हलले. वाजले नाहीत, नुसते हलले.

आण्णा गेल्यावर टिटवी म्हणाली, "साळ्या, नाही सांगून टाक."

"बघू."

"बघू काय? ते आपल्या गाण्यातले गवे आहेत."

"टिटे, नुसती शाल आहे. घालायची, काढायची, परत खाणीत यायचं."

"काढता येईल?"

"शाल आहे ती, कातडी नाही."

तो घरी गेला तेव्हा बिळाच्या तोंडाशी बाबा उभे होते. नेहमी आत असत. आज बाहेर होते, आणि मान वर होती.

"आण्णा स्वतः येऊन गेले," बाबा म्हणाले. "या दारात. म्हणाले, तुमचा मुलगा संस्थापक आहे."

"बाबा, तसं काही नसतं आमच्यात."

"तुझ्या काकांना सांगून आलो. पलीकडच्या टेकडीवरच्यांनाही सांगितलं. सगळे येणार आहेत." मग बाबांनी पायानं थोडी माती उकरली. "मी तुला काटे खाली ठेव म्हणायचो. माझं चुकलं असेल कदाचित."

बस. एवढंच. मुलांनो, आईबाप तुम्हाला आयुष्यभर बोलतात, त्यानं तुमचं काही बिघडत नाही. तुम्ही दगड होता. पण एक दिवस ते 'माझं चुकलं असेल' म्हणतात, तेही 'कदाचित' लावून, आणि तुम्ही पाणी होता. पाणी झालं की गवे लोळायला येतात.

साळिंदर हो म्हणाला.

फ्लेक्स लागले. 'वनभूषण गवेआण्णा यांच्या वाढदिवसानिमित्त युवा कलावंताचा भव्य सत्कार.' वाढदिवसाचं कुणी बोललं नव्हतं. आण्णांचं तोंड वडाच्या झाडाएवढं. खाली कोपऱ्यात साळिंदर. त्याच्या खाली तरस आणि टिटवी, जांभळाच्या बियांएवढे. शेजारी एक ठिपका होता.

"हा मी," रातकिडा म्हणाला.

"तो छपाईचा डाग आहे," तरस म्हणाला.

"मी आहे तो."

"असशील. डागाला पाय दिसतायत खरे."

ते दोघं त्यावरून दिवसभर भांडले. याआधी चौघांत कोण किती मोठा दिसतो यावरून कधी भांडण झालं नव्हतं. याआधी चौघांचा फोटोच नव्हता.

सत्काराच्या दिवशी तळ्याकाठी मांडव पडला. पुढच्या रांगेत मंडळ, दुसऱ्या रांगेत साळिंदराची सगळी भावकी, मधोमध बाबा. पोरंसोरं पार मागे, मांडवाबाहेर उन्हात.

आधी प्रास्ताविक झालं. मग प्रास्ताविक करणाऱ्याचा परिचय झाला. कोकीळबुवा बोलायला उभे राहिले आणि त्यांनी साळिंदराच्या काट्यांची प्राचीन महती सांगितली. पूर्वी म्हणे शुभकार्यात साळिंदराचा काटा लागत असे. टिटवीबद्दल ते काही बोलले नाहीत. शुभकार्य चालू होतं.

टिटवीला आणि तरसाला 'सहकलाकार' म्हणून एकेक जास्वंद मिळालं. रातकिड्याला मिळालं नाही, कारण देणाऱ्याला तो सापडला नाही.

मग साळिंदराला पुढे बोलावलं. त्याच्या हातात नारळ दिला. आण्णांनी शिंगांवर शाल घेतली आणि त्याच्या पाठीवर अलगद सोडली.

काय सांगू मुलांनो. मऊ होती. ज्या पाठीला कधी कुणी शिवलं नव्हतं, त्या पाठीवर काहीतरी मऊ, ऊबदार येऊन बसलं. टाळ्या वाजल्या. बाबा उठून उभे राहिले होते. साळिंदराला भरून आलं. आणि त्याला भरून आलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. काटे उभे राहिले. सगळेच्या सगळे. शालीतून आरपार गेले आणि लोकरीत अडकले.

"आता ते गाणं होऊ द्या," आण्णा म्हणाले. "बुवांनी एक शब्द तेवढा सुधारलाय. 'पाणी निर्मळ कुणी केलं' असं म्हणा. अर्थ तोच. वाढदिवस आहे ना."

चौघं गोल उभे राहिले. लगेच मंडळातला एक जण धावत आला. "पाठ करू नका. प्रमुख पाहुण्यांकडे तोंड करा. ओळीत. संस्थापक पुढे."

साळिंदर पुढे झाला. त्याच्या पाठीमागे तिघं. पहिल्यांदाच त्याला त्यांची तोंडं दिसत नव्हती.

त्यानं शेपूट हलवली.

भप्.

ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज आला. त्यानं परत हलवली. भप्. शाल शेपटीपर्यंत आली होती.

टिटवी उडून त्याच्या कानाशी आली. "साळ्या, थांब. अडकलीय. मी चोचीनं एकेक धागा सोडवते. चटकन होईल."

"आत्ता नको."

"मग कधी?"

"कार्यक्रम संपू दे. बाबा बघतायत."

टिटवी त्याच्याकडे बघत राहिली. "मीही बघतेय," ती म्हणाली.

त्यानं नारळ नीट धरला.

मग टिटवीनं काट्यांची वाट न बघता गाणं उचललं. आपले शब्द, गढूळवाले. पण खाण नव्हती आणि खळखळ नव्हती. मांडवात ती नुसती एक टिटवी वाटली, उगाच ओरडणारी. पुढच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "आज वाढदिवसाला अपशकुन." तरसानं साथ द्यायला तोंड उघडलं, पण खोड नव्हतं. बाहेर आलं ते फक्त हसू. लोकांना वाटलं, तो टिटवीला हसतोय. टिटवीलाही वाटलं. रातकिडा गप्पच होता. तो अजून जास्वंदाची वाट बघत होता.

टिटवी अर्ध्या ओळीवर थांबली आणि तळ्यापलीकडे उडून गेली.

"कलावंत भावनाप्रधान असतात," आण्णा म्हणाले, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

मांडवाबाहेरची पोरं घरी गेली. त्यांनी दगड मारले नाहीत की शिट्ट्या वाजवल्या नाहीत. नुसती गेली.

बँड फुटला तो असा. भांडण झालं नाही. तरस पुढे मंडळाच्या नाटकात राक्षसाचं हसू द्यायला जाऊ लागला. रातकिड्यानं स्वतःचा बँड काढला. त्यात तो एकटाच होता आणि तोच अध्यक्ष होता.

साळिंदराला मंडळानं युवा मार्गदर्शक नेमलं.

"मला काय करायचं असतं?" त्यानं आण्णांना विचारलं.

"शाल घालून बसायचं."

शाल निघतच नव्हती, त्यामुळे त्याला काम सोपं गेलं. तो स्पर्धांना परीक्षक म्हणून जाई. पोरांना सांगे की एकीनं राहा, मोठ्यांचा आदर ठेवा. शाल पावसात भिजली, उन्हात कडक झाली, एका बाजूनं कसर लागली. पण लांबून शाल दिसे. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, "तो बघा, आमचा." पाठीला हात मात्र तेही लावत नसत. आता तर निमित्तही होतं. शाल खराब झाली असती.

तळं गढूळच होतं. पोरं चिखल पीत आणि मान खाली घालून घरी जात.

एका सकाळी तळ्यापलीकडून आवाज आला. टिटवी गात होती. पाणी गढूळ कुणी केलं. एकटीच होती. पण ओळ उचलण्याआधी ती प्रत्येक वेळी थोडी थांबे. बाकीच्यांना वाटलं असेल, दम घेतेय. साळिंदराला ठाऊक होतं. ती काटे वाजायची जागा होती. ती तिनं अजून मोकळी ठेवली होती.

त्यानं शेपूट हलवली. भप्.

चोचीनं धागे सोडवणारं जवळ कुणी नव्हतं. तो करवंदीच्या जाळीत शिरला, शालीचं टोक तिच्या काट्यांत गुंतवलं, डोळे मिटले आणि पुढे धावला.

शाल निघाली.

तळ्याला वळसा घालून तो पलीकडे पोचला. टिटवीनं मान वळवली. समोर एक मोठी, उघडी घूस उभी असावी तसं काहीतरी होतं.

"कोण?" तिनं विचारलं.

"मी. साळ्या."

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाजव."

त्यानं शेपूट हलवली. या वेळी भप् देखील आलं नाही.

टिटवी आणखी थोडी थांबली. मग तिनं गाणं उचललं. पुढच्या ओळीच्या आधी मात्र ती थांबली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

शाल जाळीत सापडली ती मंडळानं नेली. कार्यालयात काचेत लावली आहे, काट्यांसकट. बगळेसर शाळेत सांगतात की काटे पुन्हा उगवतात. साळिंदराचे उगवले. बारके, भरीव. ते वाजत नाहीत.

एका दुपारच्या शालीसाठी त्याला पाठीवरचा प्रत्येक काटा द्यावा लागला.

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं असतं. ते पोरांमध्ये दिसलं रे दिसलं की वडीलधाऱ्यांनी तातडीनं एक शाल घेऊन जावं. दोन नेऊ नयेत.